म्यूसचा मठ आणि त्याच्या नावातलं तळं

प्रश्न असा आला आहे : "इंग्लंडमधल्या यॉर्कशरातल्या एका नामशेष सिस्टर्शियन मठाविषयी मराठीत लिहितो आहे. नावाचं स्पेलिंग एम-ई-ए-यू-एक्स. मराठीत 'मो' लिहू की 'मिऑक्स'? सिस्टर्शियन म्हणजे धर्मभगिनींचा पंथ ना? आणि 'ॲबी'ला सरळ मठ म्हटलं तर चालेल का?"

आधी मधला प्रश्न निकालात काढू, कारण हे 'सिस्टर' प्रकरण ऐकून कान किटले आहेत. प्रवासवर्णनात किंवा व्हिडिओच्या निवेदनात सिस्टर्शियन शब्द आला, की लगेच 'सिस्टर लोकांचा मठ' असा खुलासा जोडलेला असतो. या शब्दाचा बहिणीशी काडीचा संबंध नाही. फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात सितो नावाचं ठिकाण आहे. तिथे १०९८ मध्ये ख्रिस्ती संन्याशांच्या या पंथाचा पहिला मठ उभा राहिला. सितोचं लॅटिन रूप सिस्टर्शियम, आणि त्यावरून सिस्टर्शियन. पंथात स्त्रियांचेही मठ होते. तुमच्या मठापासून थोड्या अंतरावर स्वाइन नावाच्या गावात असा एक होता, पण पंथाचं नाव त्यांच्यावरून पडलेलं नाही. (स्वाइन म्हणजे डुक्कर असं कुणी सांगितलं तर तेही ऐकू नका. जुन्या इंग्रजीत याच उच्चाराचा एक शब्द ओहोळासाठी होता आणि त्या दलदलीच्या मुलखात तोच अर्थ शोभतो.)

आता सितो. इथे विद्वानांचे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, हे लॅटिनमधल्या 'सिस तेर्तिउम' म्हणजे 'तिसऱ्याच्या अलीकडे' या शब्दांवरून आलं, कारण जुन्या रोमन रस्त्यावरच्या तिसऱ्या मैलाच्या दगडाअलीकडे ही जागा होती. दुसरा तट म्हणतो, जुन्या फ्रेंचमधल्या 'सिस्तेल' म्हणजे लव्हाळी या शब्दावरून. मी निःसंशय लव्हाळ्यांच्या बाजूचा आहे. मैलाच्या दगडाची व्युत्पत्ती हातात लॅटिन आणि समोर कागद असलेल्या माणसाला सुचते. जिथे चिखल आणि पाणी आहे तिथली माणसं जागेला नाव देतात ते तिथे काय उगवतं ते बघून. शिवाय 'सिस्तेल'चं 'सितो' होणं फ्रेंचच्या नियमात चोख बसतं. शब्दाच्या शेवटचा 'एल' विरघळून 'ओ' होतो. कास्तेलचं शातो झालं, बेलचं बो झालं, तसंच सिस्तेलचं सितो.

हा 'एल' विरघळण्याचा नियम नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या मठाच्या नावाची किल्ली तोच आहे.

त्या नावाचा उच्चार 'म्यूस' असा आहे. 'मिऑक्स' तर नाहीच, 'मो'ही नाही. मो हे पॅरिसजवळचं शहर, आणि त्याचं नाव मेल्दी नावाच्या, प्राचीन फ्रान्समधल्या गॉल जमातीवरून आलेलं आहे. यॉर्कशरातलं म्यूस बेव्हर्ली गावाच्या पूर्वेला, हल नदीच्या खोऱ्यात. पण स्पेलिंग तंतोतंत एकच असल्यामुळे जुने इंग्रज इतिहासलेखक बेधडक सांगत आले की नॉर्मनांबरोबर फ्रान्सातून आलेल्या लोकांनी आपल्या गावाची आठवण म्हणून हे नाव दिलं. खुद्द मठाच्या लॅटिन इतिवृत्तातली कथाही त्याच वळणाची आहे. ते लिहिणारा टॉमस बर्टन १३९६ ते १३९९ मठाधिपती होता. मठाच्या जमिनींचे व्यवहार आणि कज्जे त्यानं ज्या चिकाटीनं नोंदवले तिला तोड नाही, आणि त्याच्यामुळेच दगड न उरलेल्या या मठाची आज इतकी माहिती आहे. पण नावाच्या बाबतीत त्याचं ऐकायचं कारण नाही. १०८६ च्या डूम्सडे या सरकारी मोजणीत हे गाव 'मेल्से' असं नोंदलेलं आहे. फ्रेंच शहराच्या नावात पूर्वी 'द' होता, मेल्दी जमातीतला. 'मेल्से'त त्याचा मागमूस नाही. उलट 'स' आहे. हा 'स' कुठून आला, हे फ्रेंच तट कधीच सांगत नाही.

तो आला नॉर्स भाषेतून, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांच्या जुन्या भाषेतून. यॉर्कशरचा हा भाग नवव्या शतकात डेन लोकांनी व्यापला आणि गावोगावी त्यांची नावं रुजली. 'मेल्र' म्हणजे वाळूचा उंचवटा आणि 'सार' म्हणजे तळं. या 'मेल्र'ला आपल्याकडे तयार शब्द आहे : पुळण. ज्या पुळणीवरून गणपतीपुळ्याचं नाव पडलं असं सांगतात, तीच. मेल्से म्हणजे पुळणीचं तळं. पुढे फ्रेंच वळणाच्या कारकुनांनी त्यातला 'एल' आपल्या सवयीनं विरघळवला आणि ओळखीच्या शहराचं स्पेलिंग त्यावर चढवलं. इंग्रजी तोंडात फ्रेंच 'ओ'चा जुना उच्चार 'यू' असा राहिला. ब्यूटी शब्दात तो रोज ऐकू येतो, आणि राजा जॉननं स्थापलेल्या दुसऱ्या एका सिस्टर्शियन मठाच्या नावात, ब्यूलीमध्येही. म्यूसमधला 'म्यू' म्हणजे पुळण, शेवटचा 'स' म्हणजे तळं. 'मो' लिहिणारा ते तळंच आटवून टाकतो.

भूगोल याला पुरावा देतो. ओमालचा काउंट विल्यम यानं जेरुसलेमच्या यात्रेचा नवस केला होता, पण वय आणि लठ्ठपणा आड आला. फाउंटन्स मठातल्या ॲडम नावाच्या संन्याशानं त्याला सुचवलं की यात्रेऐवजी मठ बांधून दे, म्हणजे नवसातून सुटशील. जागा निवडायला ॲडम निघाला तेव्हा त्याला आवडली ती सगळीकडून रान आणि पाणथळ यांनी वेढलेली उंच जमीन. काउंटनं ती नेमकी हरणांच्या शिकारीसाठी राखली होती. त्यानं दुसरी जागा देऊ केली, ॲडम हटला नाही. आज कुणी नकाशा बघून हसेल, पण त्या दलदलीत कोरडी राहणारी पुळण कुठली हे त्या संन्याशानं बरोबर हेरलं होतं. ११५१ च्या सुमारास पहिली वस्ती झाली ती कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या घरात.

आणि वंशावळ बघा. एका मठातले संन्यासी जाऊन नवा मठ उभारत, तो पहिल्याची लेक. सितोची लेक क्लेअरव्हो (१११५), तिची लेक फाउंटन्स (११३२), तिची लेक म्यूस. लव्हाळी, लख्ख दरी, झरे आणि पुळणीचं तळं. माझं ठाम मत आहे की या पंथाची नावं पाण्यावरून वाचल्याशिवाय नीट लागत नाहीत. वस्तीपासून दूर, ओल्या आणि कुणाला नको असलेल्या जमिनी हे लोक घेत आणि मग पाण्याला वाट काढून देत. फाउंटन्सचं नाव क्लेअरव्होचा पहिला मठाधिपती संत बर्नार्ड याच्या जन्मगावावरून, फोंतेनवरून, आणणारे आहेत. त्यांनी त्या दरीत एकदा उभं राहून पाहावं. नाव द्यायला झरे पुरेसे आहेत, संताची गरज नाही.

म्यूसच्या संन्याशांनी तर कालवे खणून हल नदीतून होड्या मठापर्यंत आणल्या. मंक डाइक, म्हणजे संन्याशांचा चर, हे नाव तिथे अजून आहे. नदीच्या मुखाशी वाइक नावाचं बंदरही त्यांच्याच मालकीचं होतं. ते १२९३ मध्ये पहिल्या एडवर्डनं विकत घेतलं आणि त्याचं नाव किंग्स्टन अपॉन हल ठेवलं, तेच आजचं हल शहर. १३४९ च्या प्लेगनं मठातल्या ४२ संन्याशांपैकी १० शिल्लक ठेवले. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्यात मठ बंद झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे दगड त्याच हलच्या तटबंदीसाठी वाहून नेले. आता शेतात चर आणि उंचवटे तेवढे दिसतात.

राहिलं 'ॲबी'. मठ म्हणा, खुशाल म्हणा. ॲबीचा प्रमुख ॲबट, आणि तो शब्द मराठी बायबल वाचणाऱ्यांना परका नाही : 'अब्बा, बापा' मधला अरामी अब्बा तो हाच. त्याला मठाधिपती म्हटलं की अर्थ पुरता येतो. मात्र गावाचं नाव म्यूस असंच लिहा, 'स'सकट.