ऑस्कर वाइल्ड एवढा गाजलेला नाटककार, मग तुरुंगात कसा काय गेला?

स्वतःच केस टाकली आणि स्वतःच अडकला. १४ फेब्रुवारी १८९५ ला लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' लागलं, लोक हसून बेजार, आणि त्याच रात्री त्याच्या मित्राचा बाप, मार्क्वेस ऑफ क्वीन्सबरी हा उमराव, चक्क भाज्यांचा गुच्छ घेऊन गोंधळ घालायला आलेला, पण त्याला आत सोडलंच नाही. चार दिवसांनी पठ्ठ्याने वाइल्डच्या क्लबात समलैंगिकतेचा आरोप खरडलेलं कार्ड ठेवलं, त्यातही स्पेलिंग चुकलेलं! वाइल्डने बदनामीचा दावा ठोकला, तो त्याच्यावरच उलटला, आणि समलैंगिक संबंध तेव्हा गुन्हा असल्याने त्यालाच दोन वर्षं सक्तमजुरी. जाहिरातीतून नाव काढलं पण नाटक काही दिवस चालूच, हे मला जास्त खटकतं. १९०० मध्ये पॅरिसला वारला, वय फक्त ४६.