तेजस हातातून सुटतं, पण उडत का नाही?

प्रश्न : मी अकरावीत आहे, खारघरला राहते. फोमशीटचं तेजससारखं रिमोटवरचं जेट बनवलंय. पंख टोकापासून टोकापर्यंत ६८ सेंमी, मुळाशी, म्हणजे धडाला जोडतो तिथे, रुंदी ६० सेंमी. शेपटीकडे ६४ मिमीचा डक्टेड फॅन (नळीत बसवलेला पंखा), तीन सेलची १३०० एमएएच लिपो बॅटरी. वजन ८०० ग्रॅम. फेकलं की नाक वर करतं आणि शेपटीवर बसत खाली येतं. बाबा म्हणतात, मोठा फॅन घे. घेऊ का?

उत्तर : नको. नाक वर करून शेपटीवर बसणं हे बहुतेक वेळा सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, मागे गेल्याचं लक्षण असतं. मोठा फॅन जड असणार आणि तोही शेपटीतच बसणार, म्हणजे सीजी आणखी मागे.

तू तेजस निवडलंस याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्याची एक गोष्ट उचलायची नाही. ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालेलं हे विमान चपळाईसाठी मुद्दाम अस्थिर ठेवलेलं आहे. उडताना त्याला संगणक सावरतो. तुझ्या जेटला सावरायला फक्त तुझी बोटं आहेत, म्हणून ते आपणहून सरळ राहील असंच तोललं पाहिजे.

साध्या त्रिकोणी पंखाचा हिशेब सोपा आहे. न्यूट्रल पॉइंट, म्हणजे सीजीची मागची शेवटची हद्द, मुळाच्या बरोबर निम्म्यावर येतो. तुझ्या पंखात पुढच्या टोकापासून ३० सेंमीवर. सीजी त्याच्या मागे गेला की विमान हाताबाहेर गेलंच. पंखाची वायुगतिकीय सरासरी रुंदी, म्हणजे मुळाच्या दोन तृतीयांश, ४० सेंमी धरायची आणि तिच्या दहा टक्के पुढे, म्हणजे २६ सेंमीवर, सीजी ठेवायचा. पंखापुढे लांब नाक असलं की न्यूट्रल पॉइंटही थोडा पुढे येतो, म्हणून पहिल्या उड्डाणाला मी २४ वरच ठेवीन. तिथे खालून बोटांवर तोलून बघ. बॅटरी नाकाकडे सरकव, पण शिसं भरू नकोस. ८०० ग्रॅम आधीच फार झाले. या पंखावर ८०० ग्रॅमला तरंगत राहायला अंदाजे ताशी ३२ किमी वेग लागेल, ५०० ग्रॅमला २५. हाताने फेकताना हा फरक फार मोठा असतो.

म्हणून माझा आग्रह असा की पहिलं जेट फॅनशिवाय कर. फॅन आणि त्याची नळी काढ, मागच्या भागात खाच काप आणि तिथे ६ इंची पुशर, म्हणजे मागून ढकलणारा, प्रोपेलर बसव. मधला गोळा वगळला तर ६४ मिमीच्या फॅनमधून हवा जायला जेमतेम २५ चौरस सेंमी वाट उरते. प्रोपेलर जवळपास १८० चौरस सेंमीवर काम करतो. थोडी हवा भयंकर वेगाने फेकण्यापेक्षा जास्त हवा सावकाश ढकलली की तेवढ्याच जोराला वीज कमी लागते. फॅनने ३५ अँपिअर ओढले तर तुझी बॅटरी पूर्ण थ्रॉटलवर सव्वादोन मिनिटांतच रिकामी. खाच थोडी पुढे घेतलीस तर मोटरचं वजनही पुढे येतं. फॅनचा तो शिट्टीसारखा आवाज मलाही फार आवडतो, पण तो दुसऱ्या जेटसाठी राखून ठेव.

एलेव्हॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, दोन-तीन मिमी वर ठेव. फोम पॉलिस्टायरीनचा असेल तर साधा इन्स्टंट गोंद लावू नकोस, तो फोम खातो. आणि मोटर बंद ठेवूनच फेकायचं, जेट हातातून पूर्ण सुटल्यावर थ्रॉटल. मागे फिरणारा प्रोपेलर बोटं फाडतो, यात अजिबात हयगय नको.

राहिली जागा. खारघरच्या मैदानात उडवू नकोस. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडतात आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवी जागा शोध. पिवळ्या पट्ट्यात परवानगी लागते आणि लाल पट्ट्याचा विचारच सोड. आमच्या ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे आम्ही भात कापून झाला की मुरबाडच्या बाजूला जातो, शेतमालकाला विचारून. तुला कर्जतकडची शेतं सोयीची पडतील, पण तिथलाही नकाशा आधी बघ. उंच गवत असलेला तुकडा निवड आणि पहिल्या फेकी मोटर सुरू न करता, नुसत्या तरंगत जाऊ देत. नाक किंचित खाली ठेवून सरळ गेलं, तर सीजी जमला.