मॅकबेथच्या दुसऱ्या अंकातली पात्रं आणि स्थळकाळ परीक्षेत कसं लिहायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: जळगावला एस.वाय.ला इंग्रजी वाङ्‌मय घेतलंय, 'दुसऱ्या अंकातली पात्रं आणि स्थळकाळ यांचं विश्लेषण करा' असा दहा मार्कांचा प्रश्न येतो, आणि गाईडात 'स्थळ: इनव्हर्नेसचा किल्ला, काळ: मध्यरात्र' एवढं देऊन पुढे पात्रांचे परिच्छेद आहेत. तेवढं पुरेल का?

नाही पुरणार. गाईडवाल्यांनी हे मनानं काढलेलं नाही, ही सवय वर्गातली आहे. स्थळकाळ दोन ओळींत उरकायचा, मग मॅकबेथ, मग लेडी मॅकबेथ, मग मॅकबेथचा सोबती सरदार बँको, आणि पोर्टरला, म्हणजे किल्ल्याच्या दरवानाला, 'विनोदी प्रवेश' म्हणून एक ओळ. आमच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं हाच साचा शिकवला आणि याच साच्यानं पेपर तपासले. त्या साच्यावर माझा राग जुना आहे. तो चुकीचा आहे, कारण या अंकात स्थळ बाजूला काढलं की पात्रांबद्दल बोलायला काही उरत नाही.

या अंकात मॅकबेथ घरी मुक्कामाला आलेल्या राजा डंकनचा खून करतो. आधी हे पाहा की त्या खुनाची जागा शेक्सपिअरला आयती मिळालेली नाही. इतिहासातला डंकन 1040 मध्ये लढाईत मारला गेला. नाटकाचा आधार असलेल्या हॉलिनशेडच्या इतिहासात डफ नावाच्या आधीच्या एका राजाला फॉरेसच्या किल्ल्यात, मुक्कामाला असताना, झोपेत मारल्याची हकिगत आहे. शेक्सपिअरनं ती उचलून डंकनला लावली. रणांगणावरचं मरण त्यानं मुद्दाम यजमानाच्या घरात आणलं. का आणलं, ते मॅकबेथच पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात सांगतो: मी यजमान आहे, मारेकऱ्याच्या तोंडावर दार लावणं माझं काम, सुरा मीच कसा धरू? त्या ओळीतला 'दार' हा शब्द पेन्सिलीनं गोल करा आणि मग दुसरा अंक उघडा.

दुसऱ्या प्रवेशात लेडी मॅकबेथ म्हणते, दारं उघडी आहेत. थोड्या वेळानं दक्षिणेकडच्या दारावर थाप पडते. पोर्टर त्याच दाराला नरकाचं दार म्हणतो. मॅकडफ हा सरदार आत आल्यावर राजाची खोली दाखवताना मॅकबेथच्या तोंडी चार शब्द आहेत: हे बघा, हे दार. ज्यानं मारेकऱ्याला दार लावायचं, तोच मेलेल्या पाहुण्याचं दार दाखवतोय. आता स्थळ वेगळं आणि पात्र वेगळं कसं लिहिणार?

वाडा डोळ्यांसमोर आणायला आपल्या भागातल्या मुलांना अवघड जात नाही. अमळनेर-पारोळ्याकडे जुने चौसोपी वाडे अजून उभे आहेत: मोठा दरवाजा, त्यात दिंडी, आत चौक, वर माडी. या अंकाची रचना नेमकी तशी आहे. डंकन वर झोपलाय, बँको आणि त्याचा मुलगा फ्लिअन्स खाली चौकात, आणि मॅकबेथ खून करून खाली येतो. 'मी उतरत होतो तेव्हा?' असं तो बायकोला विचारतोच. उत्तरात ही वर-खाली रचना एका वाक्यात सांगा, म्हणजे मुलानं प्रवेश डोळ्यांसमोर आणलाय हे तपासणाऱ्याला कळतं.

आता पहिला प्रवेश. मूळ संहितेत वेळ बोलण्यातून कळते. फ्लिअन्स म्हणतो, चंद्र मावळला, घड्याळाचे ठोके ऐकले नाहीत. बँको म्हणतो, चंद्र तर बाराला मावळतो. त्या काळी ग्लोब या लंडनच्या नाट्यगृहात प्रयोग दुपारी, उघड्या आभाळाखाली होत. या नाटकाचा तिथला 1611 चा प्रयोग पाहिल्याची नोंद आहे. अंधार करायला दिवे नव्हते, तो शब्दांनी आणि हातातल्या मशालीनं करायचा होता. म्हणून 'वातावरण भीतिदायक आहे' असं मोघम लिहू नका. अंधार कुणाच्या कोणत्या ओळीनं होतो ते लिहा.

याच प्रवेशात बँकोची तलवार बघा. आत येताच तो ती मुलाच्या हातात देतो, म्हणजे निजायची तयारी चाललीय. पाठोपाठ आणखीही काही काढून देतो. अंग जड झालंय, पण झोपायचं नाही, वाईट विचार येतात, असं सांगतो. तेवढ्यात पावलं वाजतात, आणि तो म्हणतो, तलवार दे इकडे. कोण आहे? उत्तर येतं: मित्र. तो मॅकबेथ असतो. रात्रपाळीच्या लाईटीला केळीला पाणी भरणारा माणूस बांधावर खसपस झाली की आधी बॅटरी मारतो आणि मग 'कोन शे?' विचारतो. पण ते शेत झालं. इथे माणूस दोस्ताच्या घरी मुक्कामाला आहे आणि हात तलवारीकडे जातोय. बँकोचं निम्मं व्यक्तिचित्र या देण्या-घेण्यात आहे. 'बँको प्रामाणिक व सावध आहे' या वाक्याला मार्क मिळत नाहीत, तलवारीला मिळतात.

आणि 'कोण आहे?' हा प्रश्नही मोजत जा. पहिल्या प्रवेशात बँको विचारतो, दुसऱ्यात आतून मॅकबेथ विचारतो, तिसऱ्यात पोर्टर विचारतो. एकाच रात्री, एकाच घरात, तिघं.

दुसरा प्रवेश सगळ्यांत जास्त वाचा. राजाचा खून रंगमंचावर होत नाही. डंकन या अंकात एकदाही दिसत नाही. दिसतात ते नवरा-बायको आणि त्यांचे तुटलेले शब्द. 'तू बोललास का?' 'केव्हा?' 'आत्ता.' 'मी उतरत होतो तेव्हा?' पद्याच्या ओळींचे असे तुकडे दोघांत वाटलेत. लेडी मॅकबेथ निर्दय आहे असं सगळे लिहितात. त्याच प्रवेशात ती सांगते की ज्या दारूनं पहारेकरी झिंगले तिनंच आपल्याला धीर आला, आणि झोपेत तो माझ्या बापासारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. हे दोन्ही लिहा. मॅकबेथ सुरे तिथेच ठेवायचे विसरून हातात घेऊन आलाय. परत वर जायला तो तयार नाही, म्हणून ती जाते. ती वर असताना थापा सुरू होतात. थोडं पाणी की झालं, असं ती म्हणते आणि तो समुद्राचं पाणी लाल होईल म्हणतो. हातांबद्दलची ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की दोन्ही पात्रांतला फरक तुम्हाला वेगळा सांगावा लागत नाही.

आता पोर्टर, ज्याच्यावरून माझा खरा वाद आहे. त्या प्राध्यापकांचं म्हणणं, ताण कमी करायला टाकलेला विनोद, परीक्षेत एक ओळ पुरे. माझं म्हणणं, हा अंक याच माणसाच्या हातात फिरतो. दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी चार वेळा थाप पडते आणि ती थांबवायला कुणी जात नाही. मग जो जातो तो रेंगाळतो, नरकाचा द्वारपाल असल्याचं सोंग करतो, आणि बाहेर मॅकडफ ताटकळत उभा राहतो. ताण कमी होत नाही, लांबतो. डी क्विन्सी या इंग्रज निबंधकारानं 1823 मध्ये या थापेवर निबंध लिहिला तो उगाच नाही: खुनाच्या वेळी थांबलेलं रोजचं जग त्या आवाजानं परत सुरू होतं. तो गद्यात बोलतो, बाकीचे मुख्यतः पद्यात. वाड्याचा मालक प्रमाण मराठीत बोलतो आणि दरवान अहिराणीत, तेव्हा दोघांची जागा आपल्याला न सांगता कळते, इथेही तसंच. आणि हाच आवाज पाचव्या अंकात झोपेत चालणाऱ्या लेडी मॅकबेथच्या कानात आहे: दार वाजतंय, चल, झोपायला चल. ज्या थापेला एक ओळ दिली जाते, ती तिच्या शेवटापर्यंत पुरते.

पोर्टरच्या तोंडच्या शेतकऱ्याविषयी मात्र आपल्याकडच्या मुलांची हमखास चूक होते. सुबत्ता येणार या अपेक्षेनं फास घेतलेला शेतकरी, असं तो म्हणतो. मुलं लगेच नापिकी आणि कर्जबाजारीपणा लिहितात. आपल्या गावात जे पाहिलंय त्यामुळे मन तिकडे जाणारच, पण अर्थ उलटा आहे. त्यानं धान्य साठवून ठेवलंय, टंचाई येईल आणि भाव चढेल म्हणून. पीक चांगलं येणार दिसलं, भाव कोसळणार हे कळलं, आणि त्यानं फास घेतला. भाव येईल म्हणून घरात कापूस भरून बसणं खानदेशात कुणाला समजावून सांगायला नको. त्याच्यामागून येणारा दुटप्पी शपथा घेणारा माणूस म्हणजे राजाला पार्लमेंटसकट उडवायच्या 1605 च्या दारूगोळ्याच्या कटाचा आणि त्यावरून 1606 मध्ये चाललेल्या फादर गार्नेटच्या खटल्याचा संदर्भ मानतात. एक ओळ पुरे.

तिसऱ्या प्रवेशाच्या पुढच्या भागातल्या दोन जागा सोडू नका. मॅकडफबरोबर आलेला लेनॉक्स रात्रीच्या वादळाचं लांबलचक वर्णन करतो, धुराडी पडली, हवेत आक्रोश ऐकू आला. मॅकबेथ एवढंच म्हणतो की रात्र वाईट होती. आणि खुनाची बातमी कळल्यावर लेडी मॅकबेथचं पहिलं वाक्य: काय, आमच्या घरात? बँको लगेच म्हणतो, कुठेही झालं असतं तरी क्रूरच. तिला घर आधी आठवलं, त्याला माणूस. स्थळ आणि पात्र एका वाक्यात हवं असेल तर ते हे.

चौथा प्रवेश चाळीसेक ओळींचा आहे, त्याला चार ओळी द्या: किल्ल्याबाहेर, दिवस असून उजेड नाही, घुबडानं ससाणा मारला, डंकनच्या घोड्यांनी एकमेकांना खाल्लं, आणि मॅकडफ राज्याभिषेकाला स्कोनला न जाता फाइफला घरी निघतो.

तयारी अशी करा. एका कागदावर चार रकाने पाडा: वेळ, उजेड, आवाज, दार. प्रत्येक प्रवेशातून ओळी शोधून भरा. घंटा, घुबड, थापा सगळं येईल. मग प्रत्येक नोंदीपुढे लिहा, त्या क्षणी कोण काय करतं. उत्तराचा कच्चा आराखडा तयार. पात्रं तीनच घ्या आणि पोर्टर. चेटकिणी या अंकात येत नाहीत, बँकोचं भूत तिसऱ्या अंकात आहे, झोपेत हात धुण्याचा प्रवेश पाचव्यात. हे इथे घुसडलं की अंक वाचलेला नाही हे उघड होतं.

एक सांगायचं राहिलं. प्रश्नात फक्त 'पात्रचित्रण करा' असेल तर पात्रांच्या नावानं परिच्छेद पाडा, नाहीतर तपासणारा शोधत बसेल. पण परिच्छेदात पुरावा म्हणून दार, तलवार, थाप हेच द्या. अवतरणं इंग्रजीतच आणि छोटी, चार-पाच शब्दांची. शिरवाडकरांनी केलेलं 'मॅकबेथ'चं मराठी रूपांतर 'राजमुकुट' समजून घ्यायला जरूर वाचा, उत्तरात उतरवू नका. तुमच्या कॉलेजात जुन्याच साच्यानं तपासत असतील तर पहिल्या दोन ओळींत स्थळ आणि काळ लिहून टाका, आणि तिसऱ्या ओळीपासून बँकोच्या तलवारीला लागा.