भूकंप शिकून विम्यात काय करणार?

प्रश्न: मी भूगर्भशास्त्रात बीएस्सी केलंय. नैसर्गिक आपत्ती आणि विम्यासाठी रिस्क मॅनेजमेंट असा एक कोर्स करायचा विचार आहे, पण घरचे म्हणतात विमा म्हणजे पॉलिसी विकत फिरणं. नक्की काम काय असतं? आणि माझं गणित जेमतेम आहे, जमेल का?

उत्तर: पॉलिसी विकायची नाहीये, हे आधी घरी सांगून टाका. याला कॅट (कॅटास्ट्रॉफी, म्हणजे मोठी आपत्ती) मॉडेलिंग म्हणतात, म्हणजे भूकंप, पूर, वादळ झालं तर कंपनीला किती पैसे भरावे लागतील याचा अंदाज बांधणं.

पूर्वी कंपन्या मागच्या काही वर्षांचे क्लेम बघून हिशेब करायच्या. आता मोठं वादळ काही दरवर्षी येत नाही, त्यामुळे मधली शांत वर्षं बघून सगळे निवांत, आणि तिकडे किनाऱ्यावर घरं वाढतच चाललेली. मग ऑगस्ट १९९२ मध्ये फ्लोरिडात अँड्र्यू वादळ आलं, विम्याचं नुकसान १५ अब्ज डॉलरच्या आसपास गेलं आणि बऱ्याच कंपन्या चक्क बुडाल्या. अशी मॉडेल बनवणाऱ्या कॅरेन क्लार्क यांच्या कंपनीने मॉडेल चालवून काही तासांतच सांगितलं होतं की आकडा १३ अब्जांच्या वर जाऊ शकतो, पण तेव्हा कुणाला ते पटेना. मॉडेलला खरा भाव आला तो त्यानंतर.

मॉडेलमध्ये धोका किती, विमा उतरवलेल्या इमारती कुठे आणि कशा, त्या किती हादरा किंवा पाणी सोसतील, आणि शेवटी पैसे कोण भरणार असं सगळं असतं. तुमचा अभ्यास पहिल्या भागाचा, पण घोळ बहुतेक वेळा दुसऱ्यात होतो बघा. २०११ च्या थायलंडच्या पुरात कारखान्यांच्या अख्ख्या वसाहती पाण्याखाली गेल्या, आणि आपला एवढा पैसा एकाच सखल भागात अडकलाय हे कितीतरी कंपन्यांना तेव्हाच कळलं!

गणिताचं म्हणाल तर कॅल्क्युलसपेक्षा प्रोबॅबिलिटी पक्की करा. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हटलं की लोकांना वाटतं आता आला म्हणजे शंभर वर्षं सुटलो, पण त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता एवढाच, आज आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा तितकीच. आणि ३० वर्षं तिथे राहिलात तर निदान एकदा पूर बघायची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक! हे आकडे स्वतः काढून बघा, जमलं तर गणिताची भीती सोडा.

जोडीला जीआयएस (नकाशावर माहिती मांडायचं सॉफ्टवेअर) आणि थोडं पायथन प्रोग्रॅमिंग शिका. ओएसिस नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मॉडेल कसं चालतं ते बघता येईल. आणि कोर्सची फी भरायच्या आधी सिलॅबस नीट वाचा, नुसते ज्वालामुखी आणि प्लेट्सच असतील आणि डिडक्टिबल (नुकसानातला ग्राहकाने स्वतः सोसायचा भाग), रीइन्शुरन्स (विमा कंपनीने स्वतःसाठी उतरवलेला विमा) यांचा पत्ताच नसेल तर तो विम्यासाठीचा कोर्स नाही, भूगर्भशास्त्र तर तुमचं झालंयच की.