पळायचंय, पण डबा कोण भरणार?

मागच्या अंकात मी माझ्या पळण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, एवढी पत्रं आली की वाटलं अर्धं ठाणं बूट घालून दारात उभं आहे आणि फक्त कुकर होईपर्यंत थांबलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली चार घेतलीयत.

प्रश्न: ताई, मी कासारवडवलीला राहते, नोकरी अंधेरीला. मोठा सात वर्षांचा, धाकटी तीन. सव्वासातला मोठ्याची स्कूलबस, पावणेआठला मी बाहेर, परत घरात पाय ठेवायला संध्याकाळचे पावणेआठ. यूट्यूबवर जो तो सांगतो पहाटे पाचला उठा. दोनदा करून बघितलं, धाकटी नेमकी तेव्हाच उठते आणि आईच हवी म्हणून भोकाड पसरते. कॉलेजात मी चारशे मीटर पळायचे. आता वेळच मिळत नाही, कसं जमवू?

उत्तर: अगं, ते पहाटे पाच आधी डोक्यातून काढून टाक. पाचला तेच उठू शकतात जे दहाला झोपतात, आणि तीन वर्षांच्या पोरीची आई दहाला झोपते हे मला कुणीतरी दाखवावं. मीपण हेच केलेलं. २०१४ साली, छत्तिसाव्या वर्षी, एकदम अंगात आलं आणि आठवड्यातून पाच दिवस पहाटे उपवनला जायला लागले, पायात नवऱ्याचे जुने बूट, ते मोठे होतात म्हणून दोन-दोन मोजे. तिसऱ्या आठवड्यात नडगी ठणकायला लागली, वर ताप, आणि घरात सगळ्यांचं एकच, "बघ, सांगितलं होतं."

मग सहा महिने काहीच नाही. नंतर सुरू केलं ते सोसायटीतच, आठवड्यातून तीन दिवस, रात्री सव्वाआठला. आमच्या बिल्डिंगभोवतीची एक फेरी ३८० मीटरची आहे, पोराच्या सायकलच्या चाकाचा घेर टेपने मोजून काढलेली. आमचे वॉचमनकाका फेऱ्या मोजायचे. एखाद्या दिवशी मी लवकर आटपलं की खुर्चीतूनच ओरडायचे, "ताई, आज सातच?" त्या माणसाच्या लाजेने मी जितकी पळालेय तितकी कुठल्या अ‍ॅपमुळे नाही पळाले.

तर तुझं गणित असं बसव. मंगळवार, गुरुवार रात्री आणि रविवारी सकाळी. घोडबंदर रोडवर जाऊच नकोस, तिथले डंपर आणि धूळ बघता ते पळणं नाही, शिक्षा आहे. बिल्डिंगच्या आतच फेऱ्या मार. पंचवीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं चाल, मग एक मिनिट पळ आणि दोन मिनिटं चाल असं सहा वेळा, शेवटी दोन मिनिटं सावकाश. दोन आठवड्यांनी एकास एक कर, अजून दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं. किती जोरात पळायचं? फोनवर तुझ्या आईशी पूर्ण वाक्यात भांडता आलं पाहिजे, एवढंच. वाक्य तुटलं म्हणजे वेग जास्त झाला. चारशे मीटरवाल्या मुलींचा इथेच घोळ होतो, पायांना कॉलेज आठवत असतं आणि छाती चाळिशीकडे निघालेली असते.

आता खरी गोष्ट. "वेळ मिळत नाही" असं तू लिहिलंयस. तो मिळत नसतोच, घरातल्या कुणाकडून तरी घ्यावा लागतो आणि तुझ्या अख्ख्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख एकदाही नाही. तेव्हा घरात "मी जाऊ का?" असं विचारायचं नाही. "मंगळवार-गुरुवार सव्वाआठ ते पावणेनऊ मी खाली असते" असं सांगायचं, आणि कालनिर्णयवर त्या तारखांना गोल करून ठेवायचे, गॅस सिलिंडरच्या तारखेला करतो तसे. तो अर्धा तास पोरं त्याची. जेवण तोच भरवेल, भात सांडेल, टीव्ही लावून भरवेल, भरवू दे. तू वर येऊन सांडलेलं पुसत त्याला टोमणा मारलास की पुढच्या मंगळवारी तो म्हणणार तूच कर. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात पोरगं पीटीचा ड्रेस नसलेल्या दिवशी पीटीचा ड्रेस घालून शाळेत गेलं. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, संपलं.

आणि रात्री पळालेल्या बाईने दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्याच लाटायच्या असं कुठे लिहिलंय? बुधवारी आणि शुक्रवारी आमच्या डब्याला पोळी नाही. इडली, थालीपीठ, फोडणीचा भात, जे असेल ते. रविवारी मोठ्याला सायकल दे आणि बरोबर घे, तो पुढे जाऊन "आई किती स्लो" म्हणेल ते ऐकून घे.

प्रश्न: खारघरहून लिहितेय, नाव छापू नका. सिझेरियन होऊन आठ महिने झाले, बाळ अंगावर पितं. सेंट्रल पार्कात पळायला सुरुवात केली, पण पळताना थोडी थोडी लघवी होते. पॅड लावून जाते. सासूबाई म्हणतात पळून पिशवी खाली येते. घाबरलेय.

उत्तर: तुझ्यासारखी चार-पाच पत्रं आलीयत आणि सगळ्यांनी नाव छापू नका लिहिलंय, यावरून काय ते समज. बाळंतपणानंतर हे खूप जणींना होतं, सिझेरियन झालेल्यांनाही, कारण लघवी धरून ठेवणारे जे स्नायू, त्यांनीच नऊ महिने वजन पेललेलं असतं. कॉमन आहे म्हणून चालवून घ्यायचं मात्र नाही, कारण बहुतेक वेळा ते बरं होतं. पॅड हा इलाज नव्हे.

सध्या पळणं थांबव, चालणं चालू ठेव. गॅस अडवताना आपण आतून जे आवळतो ना, तेच स्नायू आवळून आठ-दहा सेकंद धरायचे, सोडायचे, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत, आणि लघवी करता करता अडवून व्यायाम करायचा नाही. बाळाला पाजायला बसलीस की कर, म्हणजे वेगळा वेळ नको. यालाच केगल म्हणतात, १९४८ मध्ये अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी यावर लिहिलं तेव्हापासून. निदान तीन महिने द्यावे लागतात, आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडू नकोस. जमलं तर पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओला एकदा दाखव, बऱ्याच बायका आवळायच्या ऐवजी खाली जोर लावत असतात आणि ते आपलं आपल्याला कळत नाही.

सासूबाईंचं म्हणशील तर निरोगी बाईची पिशवी नुसत्या पळण्याने खाली येत नाही. बाळंतपणं, वय, जुना खोकला, बद्धकोष्ठात कुंथणं, सतत जड उचलणं ही त्याची कारणं. पण खाली जड वाटत असेल, काहीतरी उतरल्यासारखं वाटत असेल, किंवा टाक्याच्या जागी ओढ बसत असेल तर आधी डॉक्टर, मग बूट. बाकी ही भीती जुनी आहे, फक्त आपल्याकडचीच नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर पळून दमलेल्या दिसल्या तर ते अंतर त्यांच्यासाठी बंदच केलं, ते परत आलं १९६० ला. मॅरेथॉनला तर १९८४ उजाडलं. दमलेले पुरुष कुणाच्या डोळ्यात खुपले नाहीत.

पळणं परत सुरू करशील तेव्हा बाळाला पाजून मग निघ, छाती हलकी असली की बरं पडतं, आणि ब्रा नीट घट्ट बसणारी घे, त्यात काटकसर नको. पळल्याने दूध नासतं वगैरे काही नसतं.

प्रश्न: ऐरोली. चार महिने नियमित पळतेय, तरी दोन किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही. धाप लागते, जिना चढतानाही लागते, केस गळतात. जिद्द कमी पडते का?

उत्तर: जिद्दीचं काय घेऊन बसलीस, रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, त्याबरोबर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि डॉक्टर म्हणाले तर थायरॉइड आणि बी-१२. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय, म्हणजे लेडीज डब्यात समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त. पाळीत अंगावरून खूप जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग. रिपोर्ट येईपर्यंत एक कर, जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, तासभर जाऊ दे, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उसळीवर लिंबू पिळ. लोहाच्या गोळ्या मैत्रिणीला चालल्या म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करायच्या नाहीत. जिना चढताना धाप लागतेय तोवर अंतर वाढवू नकोस.

प्रश्न: मी कोपरखैरण्याला राहतो. बायको पहाटे साडेपाचला वाशीच्या मिनी सी-शोअरला पळायला जाते, आता जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची हाफ म्हणतेय. अंधारात एकटी जाते म्हणून मला काळजी वाटते. शिवाय गुडघे झिजतील. बंद कर म्हणून कसं सांगू?

उत्तर: दादा, सांगूच नका. काळजी रास्त आहे, तिची वाट अडवू नका. लाइव्ह लोकेशन शेअर करायला सांगा, एका कानातला इअरफोन काढून ठेवायला सांगा, रस्त्यावरून जायचं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने आणि फिकट रंगाच्या टी-शर्टात. कुत्री मागे लागली तर थांबायचं, पळायचं नाही, नजरेला नजर न देता हळूहळू चालत निघायचं. शक्य असेल तर एखादी मैत्रीण शोधून द्या, तिथे पहाटे चालणाऱ्या बायका असतात.

गुडघ्यांचं म्हणाल तर २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, त्यात हौशी पळणाऱ्यांपैकी साडेतीन टक्क्यांना गुडघ्या-खुब्याची झीज होती आणि न पळणाऱ्यांत दहा टक्क्यांना. म्हणजे काळजी करायची तर सोफ्यावरच्या गुडघ्यांची करा. हाफ म्हणजे २१ किलोमीटर, त्याला महिनोन्‌महिने तयारी लागते, रविवारचं लांब पळणं दोन-अडीच तासांवर जातं, तेवढा रविवार तुम्ही सांभाळणार का हे आधी ठरवा.

कारण पत्रात तुम्ही पहाटे साडेपाचला ती काय करते ते सगळं लिहिलंत, तुम्ही काय करता ते नाही. दुधाची पिशवी तुम्ही आत घेता का? पाणी आलं की पिंप भरता का? ती येते तेव्हा कणिक मळलेली असते की ती येऊन मळते? पावसाळ्यात तिचे बूट ओले होऊन येतील, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले की सकाळपर्यंत वाळतात, रात्री बोळे एकदा बदलावे लागतात. तेवढं तुम्ही घ्या.