एकजण फुकट पाडतो म्हणतोय, दुसरा ११ लाख मागतोय: हिशोब असा मांडा

तुम्ही लिहिलंय की पुण्यात पेठेतली तळमजला अधिक दोन मजली दुकानांची बिल्डिंग, ९,००० स्क्वेअर फूट, १९७८ च्या आसपास बांधलेली, ती पाडायचीय. एक ठेकेदार म्हणतो भंगार माझं, पाडून फुकट देतो, आणि दुसरा ११ लाख मागतोय, तर बजेट किती धरू. मी १७ वर्षं साइटवर काढलीत, त्यातली बरीचशी पाडकामातच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे स्क्वेअर फुटाचा रेट विचारणं सोडा. पाडकामात जमा पण असते आणि खर्च पण, आणि ठेकेदार तुम्हाला फक्त शिल्लक सांगतो. ती जमा किती हे तुम्हाला स्वतःला माहीत नसेल तर फुकट महाग की ११ लाख महाग हे कळणारच नाही. जमा म्हणजे मुख्यतः स्टील. आरसीसी फ्रेमची बिल्डिंग (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभी) असेल तर जुन्या कामात फुटाला साडेतीन किलो धरा, म्हणजे ९,००० फुटाला साधारण ३१ टन, त्यातलं हाताला २५ टन लागलं आणि किलोला ३० रुपये धरले (भाव रोज हलतो, त्या दिवशीचा विचारा) तरी साडेसात लाख झाले, शटर, ग्रिल, दरवाजे, लिफ्ट असली तर ती, हे वेगळंच. पण बिल्डिंग लोडबेअरिंग निघाली, म्हणजे विटांच्या जाड भिंती आणि वर नुसते स्लॅब, तर स्टील निम्मं पण निघत नाही.

त्यामुळे कोटेशन मागवायच्या आधी एक बीम, एक कॉलम आणि स्लॅबचा एक कोपरा, तीन ठिकाणी हातोडा-छिन्नीने प्लास्टर आणि कव्हर (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर) काढून सळ्या मोजा, पण आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते आलं. १२ एमएमची सळई म्हणजे ०.८९ किलो. जुन्या ड्रॉइंगवर विसंबू नका. चांदणी चौकातला पूल आठवतोय ना, २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री, ६०० किलो स्फोटकं लावून पण पूर्ण पडला नाही, आत अंदाजापेक्षा जास्त स्टील होतं, उरलेला मशीन लावून पाडावा लागला. एवढी तयारी करून तिथे चुकलं, तर आपल्या ४५-५० वर्षांच्या बिल्डिंगचं काय सांगणार.

आता खर्च. सगळ्यात जास्त फसतात ते राडारोड्यात. अशा बिल्डिंगचं वजन चौरस मीटरला सव्वा टन धरलं तर ८३६ चौरस मीटरचे हजारेक टन होतात, १६ टनाच्या हायवाने (मोठ्या डंपरने) ६५ खेपा. २०१६ च्या नियमांत एका प्रोजेक्टमधून महिन्याला ३०० टनांच्या वर राडारोडा निघत असेल तर आधी महापालिकेकडून वेस्ट मॅनेजमेंट प्लॅन मंजूर करून घ्यावा लागायचा, आणि काँक्रीट, माती, विटा, स्टील-लाकूड-प्लास्टिक हे वेगवेगळं काढायला लागायचं; ते नियम आता बदललेत, सध्या काय लागतं ते महापालिकेत विचारा. कोणी नदीकाठी टाकून येतो म्हणाला तर नको म्हणा, मनापासून सांगतोय, दंड तर आहेच पण ती नदी आपलीच आहे. पावत्या हातात आल्याशिवाय खेपेचे पैसे देऊ नका.

आणि पेठेत एक खास अडचण आहे, अवजड गाड्या दिवसा आत येऊ देत नाहीत, आणि ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) रात्री १० ते सकाळी ६ चालवता येत नाही, म्हणजे तोडायचं दिवसा आणि उचलायचं रात्री, मग दिवसाचा माल ठेवायला जागा कुठे? जागा नसेल तर काम अडतं आणि पोकलेनचं (तोडकामाच्या मोठ्या मशीनचं) भाडं चालूच राहतं. दोघांना हा प्रश्न विचारा, ज्याच्याकडे उत्तर तयार आहे तो हे काम करून आलेला आहे.

शेजारची भिंत हा दुसरा मोठा खर्च, आणि तो कोटेशनमध्ये कधीच नसतो. माझ्या एका साइटवर आमच्या स्लॅबच्या तुळया शेजारच्या दुकानाच्या भिंतीत नऊ इंच घुसलेल्या निघाल्या, म्हणजे मधली भिंत दोघांची एकच. तुळई कापल्यावर त्यांच्या माळ्यावर प्लास्टरला केसासारखा तडा गेला, आम्ही तिथेच काम थांबवलं, लोखंडी धिरे लावले, भिंतीला नवीन टेकू दिला, १२ दिवस गेले. त्या दुकानाच्या काकांनी ऐकून घेतलं कारण सुरू करायच्या आधी आम्ही त्यांच्या भिंतींचे फोटो काढून दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. तुम्ही पण हे करा, आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स व मजुरांचा विमा ठेकेदाराच्या नावाने नुसता ऐकू नका, कॉपी बघा.

वरच्या मजल्यावर सिमेंटचे पत्रे असतील तर ते जुने म्हणजे ऍस्बेस्टॉसचेच धरून चला, फोडायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे, त्याचा वेगळा खर्च. महावितरणचं मीटर कायमचं बंद करणं, पाणी-ड्रेनेज तोडणं, भाडेकरूंचं आधी निपटणं, वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

फुकटवाल्याकडे परत येतो. तो खोटं बोलतोय असं नाही, फ्रेम असेल तर त्याला परवडतं. पण माझ्या ओळखीच्या एका मालकाकडे अशाच माणसाने आधी शटर, मग सळ्या नेल्या आणि ढीग तसाच टाकून गेला, उचलायला मालकालाच खिशातून द्यावे लागले. म्हणून करारात लिहून घ्या: त्या मजल्याचा राडारोडा उचलल्याशिवाय त्या मजल्याचं स्टील गेटबाहेर जाणार नाही, आणि डिपॉझिट आधी. पाडकाम प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) की फाउंडेशनसकट, जुनी सेप्टिक टँक भरून देणार का, १८% जीएसटी धरून की वेगळा, हे तिन्ही लिहा. ११ लाखवाल्याला पण एकच सांगा, भंगार माझं धरून खर्च वेगळा आणि भंगार तुमचं धरून खर्च वेगळा, असे दोन आकडे द्या. दोन्हीतला फरक तुमच्या साडेसात लाखांच्या जवळ आला पाहिजे. वर १५% हाताशी ठेवा, शेजारची भिंत आणि जमिनीखालचं यातच ते जातात.

बीम उघडून सळ्या मोजल्या की आकडे इथेच टाका, किती टन निघेल ते काढून देतो.