सप्टेंबरचा राउंड की जानेवारीचा?

तुमचा प्रश्न असा आहे: जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत ६४५ आले, पुण्यात एका कारखान्यात पाच वर्षं नोकरी झाली, अमेरिकेतल्या एमबीएसाठी आता सप्टेंबरच्या पहिल्या राउंडला (अर्ज घेण्याच्या टप्प्याला) अर्ज भरावा की परीक्षा परत देऊन जानेवारीच्या दुसऱ्या राउंडला?

तुम्ही लिहिलंय की एसे, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध, अजून सुरूच केलेला नाही. मग जानेवारी.

पहिल्या राउंडला सगळ्या जागा मोकळ्या असतात, स्कॉलरशिपचा पैसाही शिल्लक असतो, हे खरं आहे. निकाल डिसेंबरात लागतो, त्यामुळे कर्ज आणि व्हिसाला हातात भरपूर वेळ राहतो. पण याचा उपयोग अर्ज पक्का असेल तरच. बहुतेक बी-स्कूल एका वर्षात एकच अर्ज घेतात. सप्टेंबरचा अर्ज नाकारला गेला की तो सुधारून जानेवारीत पाठवता येत नाही, थेट पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

माझं असंच एक वर्ष गेलं. गणपतीत, घरात पाहुणे असताना, तीन रात्रींत एसे उरकला. पुढच्या वर्षी तो परत वाचला तेव्हा वाईट वाटलं; कुणाच्याही नावावर खपला असता. नव्या एसेत मी रात्रपाळीतला एक प्रसंग लिहिला. कन्व्हेयर सारखा अडकत होता आणि माझ्याच ड्रॉइंगमधली चूक एका जुन्या फिटरने खडूने जमिनीवर काढून दाखवली होती. तो प्रसंग लिहिण्यासारखा आहे, हे कळायलाच मला दीड महिना लागला. तेवढा वेळ तुम्हीही स्वतःला द्या.

जीमॅट १६ दिवसांनी परत देता येते, १२ महिन्यांत ५ वेळा. सरावात सातत्याने ६७५ च्या पुढे जात असाल तर ऑक्टोबरात द्या. नसाल तर तोच वेळ एसेला द्या.

खरी अडचण शिफारसपत्रांची होते. आपल्याकडे साहेब हमखास म्हणतात, "तूच लिहून आण, मी बघून घेतो." ते अजिबात करू नका. लिंक त्यांच्या ईमेलवर जाते आणि पत्र त्यांनीच लिहायचं असतं. दोन्ही पत्रांत तुमचीच भाषा उतरली तर वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. दिवाळीआधी त्यांच्यासोबत अर्धा तास बसा, कोणती कामं एकत्र केली त्याची उजळणी करा, लिहू द्या त्यांनाच. डिसेंबरच्या शेवटी माणसं सुट्टीवर जातात, तेव्हा मागे लागून काही होत नाही.

तिसऱ्या राउंडवर मात्र भिस्त ठेवू नका. हार्वर्डने तो बंदच केलाय. बाकी ठिकाणी निकाल लागेपर्यंत जागा थोड्या उरतात आणि व्हिसाची धावपळ होते. दुसऱ्या राउंडचा निकाल साधारण मार्चअखेर लागतो, त्यानंतर कर्जासाठी बँक आणि व्हिसासाठी मुंबईत बीकेसीतली अमेरिकन वकिलात, दोन्ही जमतं.

एकाच राउंडमध्ये लवकर अर्ज केल्याने सहसा काही जास्त मिळत नाही. फक्त घड्याळ नीट बघा: हार्वर्डची मुदत बॉस्टनच्या दुपारी १२ ला संपते, म्हणजे जानेवारीत आपल्याकडे रात्री साडेदहाला. दोन दिवस आधी सबमिट करा आणि त्याआधी दोन्ही पत्रं पोचली का, ते पोर्टलवर तपासा.